मदत हवी आहे: अपडेटनंतर डॉक्सएक्स फाइल उघडत नाही

मंडळी, लिखाणाचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं आणि तेव्हापासून एक मोठी डॉक्सएक्स (वर्डच्या प्रकारची) फाइल उघडायला गेलं की 'फाइल करप्ट आहे' म्हणतं. सपोर्टचं ठरलेलं उत्तर: कॅशे साफ करा, पुन्हा इन्स्टॉल करा. केलं. मग स्क्रीनशॉट मागितला. तो पाठवला तर 'समस्या सुटली' असा शेरा मारून तक्रारच बंद! कुणाची सुटली, देव जाणे.

डॉक्सएक्स आतून झिपच असते, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं, म्हणून कॉपीचं एक्स्टेंशन (नावाचं शेपूट) बदलून झिप केलं आणि आत डोकावलो. आतल्या डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल या फाइलीत मजकूर शाबूत दिसतोय, पण तळटीपा वेगळ्याच फाइलीत आहेत. त्या जागच्या जागी कशा बसवायच्या? की आधी जुनी आवृत्ती टाकून बघू? आणि हे आपोआप अपडेट कायमचं बंद करता येतं का?