लायब्ररीत कोण काय वाचतं हे सरकारला कळायलाच हवं का?

वाचनवेडी:
अमेरिकेच्या पॅट्रियट अ‍ॅक्टवर, म्हणजे तिथल्या दहशतवादविरोधी कायद्यावर, सही झाली २६ ऑक्टोबर २००१ ला, ९/११ नंतर जेमतेम दीड महिन्यात. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १, विरोधातलं ते एक मत रस फाइनगोल्ड यांचं. त्यातल्या कलम २१५ प्रमाणे एफबीआय गुप्त कोर्टाकडून आदेश आणून कुणाचेही कागदपत्र मागू शकत होती, लायब्ररीच्या नोंदीसुद्धा, आणि ज्याच्याकडून मागितले त्याने ते कुणाला सांगायचं नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे शेवटचं. मागणी एकवेळ समजू शकते, तोंडबंदी नाही.

सरळरेषा:
ताई, नाही पटत. ९/११ च्या हल्लेखोरांपैकी काहीजण फ्लोरिडात डेलरे बीचच्या लायब्ररीत कॉम्प्युटर वापरायला यायचे, बातम्या आल्यावर तिथल्या लायब्ररियननेच पोलिसांना कळवलं. लायब्ररी म्हणजे काय देऊळ आहे का की पोलिसांनी आत पाऊलच टाकायचं नाही? साध्या गुन्ह्यातसुद्धा ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ, समन्स काढून हेच रेकॉर्ड मागवत आलं आहे. आणि सप्टेंबर २००३ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी आकडा जाहीर केला होता, तोवर कलम २१५ किती वेळा वापरलं? शून्य. मग एवढी ओरड कशाची?

वाचनवेडी:
तो आकडा जाहीर करायचा अधिकार कुणाला होता ते बघा ना, फक्त सरकारला. एखाद्या लायब्ररीकडे आदेश आला असता तर तिला "आमच्याकडे आला" एवढंही बोलता आलं नसतं. आणि २०१३ मध्ये सरकारची गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या स्नोडेनमुळे कळलं की ह्याच कलमाखाली कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा होत होत्या. म्हणजे ज्यांनी आधी शंका घेतली त्यांना घाबरट म्हटलं गेलं आणि शंका तर खरी निघाली.

आता कनेक्टिकट राज्यातलं बघा. २००५ च्या उन्हाळ्यात एफबीआयची माणसं लायब्ररी कनेक्शन नावाच्या संस्थेकडे पत्र घेऊन गेली, ही संस्था आजूबाजूच्या दोन डझनांवर लायब्रऱ्यांची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळते. हे कलम २१५ नव्हतं, नॅशनल सिक्युरिटी लेटर होतं, ह्याला तर जजची सहीसुद्धा लागत नाही. मागितलं काय, तर १५ फेब्रुवारीच्या दुपारी ४ ते ४:४५ ह्या वेळात एका आयपी अ‍ॅड्रेसवर कोण होतं. पाऊण तास, तोसुद्धा पाच महिन्यांपूर्वीचा. जॉर्ज ख्रिश्चन, बार्बरा बेली, पीटर चेस आणि जॅनेट नोसेक, हे चौघे नाही म्हणाले आणि कोर्टात गेले. पण त्यांची नावं गुप्त ठेवायची म्हणून स्वतःच्याच केसच्या सुनावणीला त्यांना कोर्टरूममध्ये बसता आलं नाही, दुसऱ्या शहरातल्या कोर्टात बंद खोलीत बसून टीव्हीवर बघावं लागलं. जज जॅनेट हॉल यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेलं, तोंडबंदी तशीच. सरकारनेच कोर्टात दिलेल्या कागदांवरची नावं नीट खोडलेली नव्हती म्हणून ती पेपरात आली, तरी ह्या चौघांनी "हो, आम्हीच" म्हणायचं नाही! मार्च २००६ मध्ये संसदेने कायद्याला मुदतवाढ दिली आणि त्यानंतर काही आठवड्यांत सरकारने तोंडबंदीचा हट्ट सोडला. ज्यांना ह्या कायद्याचा प्रत्यक्ष अनुभव होता त्यांनाच मतदानाआधी बोलता आलं नाही, ह्याचं काय करायचं?

सरळरेषा:
तोंडबंदी लांबली हे मान्य. पण तपास चालू असताना संशयिताला कानोकान खबर लागू नये ही गरज खोटी आहे का? आणि व्यवस्था सुधारलीच की. केस चालली, २००६ मध्ये दुरुस्ती होऊन नुसतं वाचनालय चालवणाऱ्या लायब्ररीला अशा पत्रांतून बरंचसं वगळलं, २०१५ मध्ये सरसकट गोळा करणं थांबवलं, मार्च २०२० मध्ये कलम २१५ ची मुदतच संपली. लोकशाहीत असंच होतं, हळूहळू.

हडसनकाठी:
मी न्यू जर्सीत लायब्ररीत काउंटरवर काम करते म्हणून बोलते. आमच्याकडे राज्याचा कायदाच आहे, कोर्टाचा आदेश किंवा समन्स असल्याशिवाय वाचकाची नोंद द्यायची नाही. पण खरा उपाय त्याच्याही आधीचा आहे. पुस्तक परत आलं आणि दंड वगैरे काही बाकी नसला की सिस्टिममधून वाचकाचं नाव त्या पुस्तकापासून तुटतं. नंतर कुणी कितीही मोठा आदेश आणू दे, द्यायला काही नसतंच. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या लायब्रऱ्या २००३ मध्ये रोजच्या रोज नोंदींचे कागद श्रेडरमध्ये घालायच्या, सरकार नोंदी मागू शकतं अशी वाचकांसाठी सूचनाही लावली होती. एखादी बाई कॅन्सरवरचं किंवा घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक मान खाली घालून माझ्यासमोर ठेवते, तिने निवांत न्यावं एवढंच मला हवंय.

सरळरेषा:
आणि एखाद्या खुनाच्या तपासात तीच नोंद हवी असेल तेव्हा? पुसून टाकली म्हणून आरोपी सुटला तर त्या घरच्यांना काय सांगणार?

हडसनकाठी:
हेच सांगेन की लायब्ररी पुरावे साठवायला काढलेली नाही. जे आज सिस्टिममध्ये आहे ते कोर्टाचा आदेश आणा, देऊ. उद्या कुणाला लागेल म्हणून सगळ्या गावाचं वाचन जपून ठेवणार नाही.

कोल्हापुरी_वकील:
अमेरिकेचं चाललंय म्हणून आपल्याकडचं पण बघा. २०११ च्या सायबर कॅफे नियमांत ओळखपत्र घेऊन रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि किमान एक वर्ष ठेवायची, कुठल्या साइट बघितल्या त्याचेही लॉग. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टास्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क म्हटला, पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार हव्या त्या सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून सूट देऊ शकतं. सरळरेषा, तुम्ही म्हणता व्यवस्था सुधारते. मला सांगा, इथे कनेक्टिकटसारखं पत्र आलं तर कुठली लायब्ररी कोर्टात जाईल, वकिलाची फी कोण भरेल?

सरळरेषा:
ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी जजच्या सहीने नोंद मागायला माझी हरकत नाही, जजशिवाय मागायला आहे.

वाचनवेडी:
मग तिथवर आपण एकत्र आहोत. गुप्त कोर्टातला जज चालेल का, तिथे वाचकाच्या बाजूने बोलायला सहसा कुणीच नसतं, ह्यावर तुमचं काय म्हणणं?