कर्जतला भाड्याने जायचंय? आधी खिडक्या मोजा

भांडुपकर

भांडुपला नऊ वर्षं भाड्याने राहतोय. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, मालकाने मेअखेर घर मोकळं करायला सांगितलंय. आसपासची वन बीएचकेची भाडी ऐकून बायको म्हणाली, "कर्जत बघूया." माझं ऑफिस ठाण्याला, आठवड्यातून तीनच दिवस. तिचं काम घरून. म्हटलं, चला.

एजंट पहिल्याच फोनवर, "साहेब, कर्जत झपाट्याने वाढतंय, पुढच्या वर्षी या भाड्यात दार उघडणार नाही." मी जातीचा हिशेबनीस. जनगणना उघडून बसलो. कर्जत नगरपरिषद २००१ मध्ये २५,५३१, २०११ मध्ये २९,६६३. म्हणजे दहा वर्षांत ४,१३२ माणसं. चार माणसांचं बिऱ्हाड धरलं तर जेमतेम हजार बिऱ्हाडं. त्याच दहा वर्षांत बदलापूर साधारण ९८ हजारांवरून १,७४,२२६ वर गेलं. झपाटा त्याला म्हणतात.

रविवारी घर बघायला गेलो तर आवारात गाड्यांची ही गर्दी. नंबरप्लेटी मात्र सगळ्या एमएच ०१ ते ०४, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या! शंका आली म्हणून बुधवारी रात्री नऊला एकटाच पुन्हा गेलो आणि समोरच्या रस्त्यावर उभं राहून दिवे मोजले. सात मजले, अठ्ठावीस घरं, दिवे अकरा. लिफ्टच्या आरशावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. वॉचमन म्हणाला, पाण्याची मोटर दिवसातून दोनदाच लावतो, "बिल कोण भरणार?"

हा प्रश्न कुठल्याच जाहिरातीत नसतो. अठ्ठावीस घरांनी भरायचा मेंटेनन्स अकरा जणांवर आला की आधी लिफ्ट बंद पडते, मग रात्रीचा वॉचमन जातो, मग खालचा किराणावाला शटर ओढतो. भाडेकरू मात्र भाडं पूर्ण देतो.

तेव्हा माझं मत असं: भाड्याने जाणाऱ्याने गाव केवढं, किती टक्क्यांनी वाढलं, साक्षरता किती, हे बघूच नये. त्या इमारतीत राहती घरं किती, एवढंच बघावं.

आकडेमोड

साफ असहमत. एका बुधवारी अकरा दिवे मोजून गावाबद्दल बोलणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि शीतही दुसऱ्याच्याच पातेल्यातलं.

बंद घरं काही कर्जतचा खास रोग नाही. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत देशभरात सुमारे २ कोटी ४७ लाख घरं रिकामी सापडली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात शहरांमधली सुमारे १२ टक्के घरं रिकामी असल्याचं लिहिलं आहे, आणि रिकाम्या घरांत पहिला नंबर कोणाचा? मुंबईचा, सुमारे ४ लाख ८० हजार. तुम्ही जिथून निघताय तिथेच सगळ्यात जास्त कुलपं आहेत, राजे.

आणि लोकसंख्या म्हणजे एकच आकडा नव्हे. जनगणनेच्या गोषवाऱ्यात प्रभागवार शून्य ते सहा वयाची मुलं किती, काम करणारे किती, त्यातले वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम असलेले किती, हे सगळं मिळतं. ज्या प्रभागात मुलं भरपूर तिथे बालवाडी, रिक्षा, दूधवाला सगळं आपसूक असतं. हे खिडकीतून दिसत नाही. एजंटला कमिशन मिळतं, जनगणनेला मिळत नाही, एवढ्यासाठी तरी तिच्यावर जास्त विश्वास ठेवा.

लालबागचा जुना

आकडेमोड, मग मुंबई शहर जिल्ह्याचंच बोलूया. २००१ ला ३३,३८,०३१ आणि २०११ ला ३०,८५,४११. अडीच लाख माणसं कमी झाली. तुमच्या शास्त्राप्रमाणे माणसं घटली की भाडी उतरायला हवीत ना? आमच्या गल्लीत या आणि हे मोठ्याने बोलून दाखवा.

माणसं कमी झाली कारण १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पोरं डोंबिवली-बदलापूरला गेली आणि चाळींच्या जागी टॉवर आले. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जण राहायचे, आता तेवढ्याच जमिनीवर दोघं आणि एक कुत्रा. हे दुःख कुठल्या रकान्यात लिहायचं?

भांडुपकर

लालबागकर, नेमकं हेच म्हणायचं होतं.

आकडेमोड

पण लालबागकरांनी घट सांगितली, घट का झाली ते सांगितलं आणि त्यावरून निष्कर्ष काढला. म्हणजे आकडे वापरलेच की! मी आकड्यांपुढे डोळे मिटा म्हणतच नाही. उलट बिऱ्हाडं किती, दर बिऱ्हाडामागे माणसं किती, हे जोडीला घ्या म्हणतोय.

मुलुंडचा मालक

त्या बंद खिडक्यांपैकी एक माझी आहे. भांडुपकरांनी मोजलेली नव्हे, पण तशीच, स्टेशनपासून दहा मिनिटांवर.

का लावत नाही भाड्याने? साडेसात हजार मिळतील. त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी जाते, एक महिन्याचं भाडं एजंट खातो, आणि बिऱ्हाड सोडताना रंग माझ्या गळ्यात. वर्षाला हातात उरतं ते बँकेत सहज मिळतं. आणि खरं सांगू, भीती वाटते. वडिलांची गिरगावात खोली होती, १९४७ च्या भाडे कायद्यातली. पोटभाडेकरू जो बसला तो आजोबांपासून नातवापर्यंत बसला. आमच्या घरात 'भाडेकरू' हा शब्द आजही हळू आवाजात बोलतात. त्यापेक्षा कुलूप बरं.

आकडेमोड

ही भीती पंचवीस वर्षं शिळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, वर दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरीही! "अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही" म्हणणाऱ्याला आपल्या राज्यात उभं करू नका. न नोंदवलेल्या करारात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे घाबरायचं असेल तर नोंदणी न करण्याला घाबरा.

देशाचं चित्र बघायचं तर त्याच पाहणी अहवालात आहे: शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, २०११ मध्ये २८. तुमच्यासारखे कुलूपवाले त्यातलेच.

मुलुंडचा मालक

कायदा पाठ आहे हो. त्या प्राधिकाऱ्यासमोर तारखांना मुलुंडहून कोण जाणार, तुम्ही?

माहेर डोंबिवली सासर कर्जत

केव्हापासून वाचतेय. सगळे मुंबईकर आमच्या गावाची नाडी बघताय, गावाला कोणी विचारत नाही.

एक: २९,६६३ हा आकडा नगरपरिषदेच्या हद्दीचा. भिसेगाव, दहिवली, मुद्रे, गुंडगे धरून. एजंट "कर्जत" म्हणून दाखवतात त्यातली निम्मी बांधकामं हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत असतात, नेरळ-शेलूकडची तर सगळीच. पाणी कोणाचं, कचरा कोण उचलणार, सगळं त्या रेषेवर ठरतं. भाडेकराराची नोंदणी फीसुद्धा नगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० असते. फी पाचशे सांगितली तर समजा, आपण कर्जतमध्ये नाही.

दोन: भांडुपकर, गाव केवढं ते बघू नका म्हणता, इथे मात्र तुमचं चुकतं. गेल्या पावसाळ्यात मुलाला रात्री अकराला १०४ ताप. आमच्या इमारतीत सोळाच्या सोळा घरं भरलेली, खिडक्या सगळ्या उजळलेल्या. शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, काकांनी गाडी काढली. पण लहान मुलांचा डॉक्टर त्या वेळी मिळाला तो बदलापूरला. तीस हजारांच्या गावात रात्री उघडा दवाखाना चालत नाही आणि पावणेदोन लाखांच्या गावात चालतो. हे लोकसंख्येनेच ठरतं, खिडक्यांनी नाही.

तीन: नदी. उल्हास पावसाळ्यात काय करते ते २७ जुलै २०१९ ला सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. घर बघायला याल तेव्हा एजंटला विचारू नका, तळमजल्यावरच्या म्हातारीला विचारा की पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं.

वडा_एक_मारा

आणि कर्जतच्या बटाटवड्याचा उल्लेख एवढ्या प्रतिसादांत एकानेही नाही. निषेध.

निवृत्त बाई, घाटकोपर

मी पालिकेच्या शाळेत होते. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादीचं आणि पुढे फेब्रुवारी २०११ ला माणसं मोजायचं काम केलंय, म्हणून थोडं आतलं सांगते.

दाराला कुलूप दिसलं की आम्ही शेजारी विचारायचो. "गावाला गेलेत" म्हटलं की ते घर वापरातलं पण बंद. "कोणी राहतच नाही" म्हटलं की रिकामं. दोन वेगळे रकाने. एका मजल्यावर एक बाई म्हणाली राहतात, समोरची म्हणाली तीन वर्षांत तोंड बघितलं नाही. मी दोघींना एकत्र उभं केलं, त्यांचं आपसातलं जुनं भांडण निघालं आणि माझा अर्धा तास गेला. शेवटी दाराखालचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा बघून लिहिलं. तेव्हा आकडेमोड, तुमचे रिकाम्या घरांचे लाख-कोटी शेजारणीच्या तोंडावर उभे आहेत, एवढं लक्षात असू द्या.

आणि माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो. शनिवार-रविवारी कर्जतला जाणारा मुलुंडमध्येच मोजला जाणार. त्याचं घर मात्र कर्जतच्या यादीत! घरं वाढलेली आणि माणसं तेवढीच, हे कोडं तिथेच सुटतं.

एक विसरलेच. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. पुढचीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तुम्ही सगळे पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोवरून मुलगी बघताय.

आकडेमोड

बाईंसमोर शस्त्र खाली. फोटो जुना असला तरी नाक तेच असतं, एवढंच म्हणतो.

एकटी पण पगारदार

तुम्ही सगळे किती घरं रिकामी ते मोजताय. त्यातली माझ्यासाठी रिकामी किती, ते कोणी मोजत नाही.

मी नर्स आहे, शिफ्ट ड्युटी. मागच्या वर्षी याच पट्ट्यात चार घरं बघितली. पहिल्या मालकाने विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" नाहीत म्हटल्यावर त्याला आठवलं की घर पुतण्याला द्यायचंय. दुसरीकडे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, रात्री दहानंतर गेट बंद. माझी ड्युटी दहाला सुटते. तिसऱ्याने आडनाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग "मासे वगैरे?" असं. चौथं मिळालं, पंधराशे जास्त देऊन. ते सगळे फ्लॅट आजही बंद आहेत, जाता-येता दिसतात. मुलुंडच्या काकांना राग येईल, पण भीती कायद्याची कमी आणि माणसाची जास्त असते.

मुलुंडचा मालक

राग नाही आला. आमच्या सोसायटीत फॅमिलीलाच द्यायचं असा ठराव आहे, माझ्या एकट्याच्या हातात नाही. वर भाड्याने दिलं की, मालक स्वतः राहत नाही म्हणून, बिनभोगवटा शुल्क लावतात.

आकडेमोड

ते शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ पासून शासनाचा तसा आदेश आहे. किती घेतात तुमच्याकडे?

मुलुंडचा मालक

बघून सांगतो.

लालबागचा जुना

नाही सांगणार. लिहून ठेवा.

भांडुपकर

दहा दिवसांनी येतोय. मंगळवारी रात्री पुन्हा गेलो, या वेळी बायकोही होती. त्या सात मजली इमारतीत दिवे तेरा. आम्ही खूश. वॉचमनने सांगितलं, दोन घरांत तोच कपडे वाळत घालतो, वारा चांगला येतो.

मग नदीच्या बाजूला एक जुनी तीन मजली बघितली. लिफ्ट नाही, आठशे रुपये भाडं जास्त, स्वयंपाकघरात दोघं उभे राहिलो तर एकाने बाहेर जावं लागेल एवढी जागा. पण बारा घरांतली अकरा राहती. जिन्यात सायकली, चपला, कोणाच्या तरी घरून सुकटाचा वास. तळमजल्यावरच्या आजींना विचारलं. त्यांनी काठीने दाखवलं, २०१९ ला तिसरी पायरी, २००५ ला पाचवी. दुसऱ्या मजल्याचं टोकन देऊन आलो. करार नोंदवणार का विचारल्यावर मालक आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे बघत राहिला, पण हो म्हणाला.

गाव केवढं ते बघू नका हे माझं वाक्य मागे घेतो. मुलांच्या डॉक्टरची चौकशी करून आलोय, रात्रीचा बदलापूरलाच आहे. बाकी खिडक्यांचं माझं मत कायम.

माहेर डोंबिवली सासर कर्जत

त्या आजी माझ्या आत्येसासूबाई. पायऱ्या बरोबर सांगितल्या त्यांनी. दूधवाल्याचा नंबर पाठवते. पिशवी साडेपाचच्या आत दाराला लटकवून ठेवा, तो हाक मारत नाही.