सिग्नल ‘पडला’ म्हणजे मिळाला की बिघडला?

प्रश्न
ओपन रेल्स या आगगाडीच्या सिम्युलेटरसाठी एकेरी लाइनचा एक मार्ग करतोय. चाचणीला दिला तर एका मित्राचा निरोप आला, “सिग्नल पडला तरी मालगाडी लूपमध्ये अडकलेलीच.” (लूप म्हणजे स्टेशनातला मेन लाइनशेजारचा बाजूचा रूळ.) मला वाटलं, सिग्नल बंद पडला. तासभर सिग्नलच्या स्क्रिप्टमध्ये डोकं खुपसून बसलो. नंतर कळलं की त्याच्या मते सिग्नल मिळाला होता! हा अर्थ कुठला? आणि संगणक चालवतो त्या गाडीला ‘अडकली’ म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद १
मित्र जुन्या वळणाचा दिसतो. हाताच्या सिग्नलचा एक प्रकार असा की हात आडवा असला तर थांबा आणि खाली कलला तर जा. फलाटावरचे लोक खाली आलेला हात बघून म्हणायचे, “सिग्नल पडला, गाडी आली.” म्हणजे पडला ही चांगली बातमी! तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हावा म्हणून वजन लावलेलं असतं, त्यामुळे बिघडलेला सिग्नल या अर्थाने ‘पडत’ नाही, उलट उठतो. दुसऱ्या प्रकारात मात्र हात वर जाऊन मोकळीक देतो. तिथे हे क्रियापद लंगडं पडतं, आणि रंगीत दिव्यांच्या सिग्नलला तर पडायला हातच नाही.

प्रतिसाद २
त्यात माझी भर. ट्रॅक सर्किटवाले, म्हणजे रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणारे, ‘रिले (विजेवर चालणारा स्विच) पडला’ म्हणतात, आणि तो पडला की सिग्नल लाल! दोन रुळांतून हलका प्रवाह खेळत असतो. गाडीची चाकं आणि आसामुळे तो मधल्यामध्येच परततो, रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो आणि ब्लॉक, म्हणजे रुळाचा तेवढा तुकडा, भरलेला ठरतो. विल्यम रॉबिन्सनने 1872 मध्ये पेटंट घेतलं ते याच युक्तीचं. एकच क्रियापद, अर्थ उलटेपालटे. निरोपात सरळ ‘लाल होता’, ‘हिरवा होता’, ‘दिवाच नव्हता’ असं लिहा. ‘सिग्नल बंद आहे’ हेही नको, त्यातून लाल की विझलेला ते कळत नाही.

प्रतिसाद ३
‘अडकली’बद्दल. मी तीन शब्द वेगळे ठेवतो. पुढची गाडी गेली की आपोआप सुटणार असेल तर गाडी खोळंबली. कुणी हात घातल्याशिवाय सुटणारच नसेल तर अडकली, उदाहरणार्थ पुढच्या ब्लॉकमध्ये सोडून दिलेला डबा. दोन गाड्या एकमेकींसाठी थांबल्या तर कोंडी. लोक तिन्हींना अडकली म्हणतात आणि मग खोळंब्यावर सिग्नल ‘दुरुस्त’ करत बसतात. नव्वद टक्के वेळा लाल सिग्नल आपलं काम चोख करत असतो (टक्का माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही).

एफ5 च्या माहितीपटलावर डिस्पॅचरचं (गाड्यांची वाहतूक सांभाळणाऱ्याचं) पान उघडा. मालगाडीच्या ओळीत एसटीए असेल तर ती स्टेशनात वेळेची वाट बघतेय, एफओएल असेल तर दुसरीच्या मागून चाललीय. स्टॉप दिसलं तर तिच्यापुरता सिग्नल लालच आहे. आणि टॅब दाबून लाल ओलांडायची परवानगी मिळते ती तुमच्या स्वतःच्या गाडीला, संगणकाच्या नाही.

प्रश्नकर्ता
पान उघडलं. मालगाडीपुढे स्टॉप! लूपच्या टोकाला एकाच खांबावर दोन हात आहेत, उंच हात मेन लाइनचा, बुटका लूपचा. मित्राने पडलेला पाहिला तो उंच हात, पॅसेंजरसाठी. तोवर मालगाडी नुसती खोळंबलेली. पॅसेंजर गेली, मग पलीकडून दुसरी मालगाडी निघाली आणि होम सिग्नलबाहेर (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलपाशी) येऊन थांबली. तिची वाट मीच त्याच लूपमधून आखली होती. आतलीला पुढची एकेरी लाइन मोकळी हवी, बाहेरचीला लूप मोकळा हवा. दोघी जागच्या जागी.

प्रतिसाद ३
ही कोंडी. बाहेरचीची वाट मेन लाइनवरून न्या. सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) त्याप्रमाणे फिरेल, ती आत येईल आणि आतलीला लाइन मोकळी मिळेल. पण तिची लांबीही बघा, शेपूट सांध्यावर राहिलं तर लूपचा सिग्नल लालच राहणार.

प्रश्नकर्ता
वाट बदलली. शेपटाचे दोन डबे सांध्यावरच राहात होते, तिची थांबायची जागा थोडी पुढे सरकवली. बुटका हात पडला.

प्रतिसाद २
पडला म्हणजे?

प्रश्नकर्ता
मिळाला हो, मिळाला!