शिनचॅनने मुलं बिघडतात म्हणे!

कासुकाबेकर (धागाकर्ता)

ताईने काल एक ढकलपत्र पाठवलं. भाचीच्या शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात जोरात फिरतंय. सुरुवातीला तीन लाल सायरन, मग मथळा : "शिनचॅन, तुमच्या घरात शिरलेलं विष". खाली या जपानी कार्टूनमधल्या पाच वर्षांच्या पोरावरचं आरोपपत्र. मोठ्यांना उलट बोलतो, चड्डी खाली करून ढुंगण हलवत नाचतो, मुलींच्या मागे लागतो, खेळणी आवरत नाही, ढोबळी मिरची खात नाही. सबब 'संस्कार वाचवण्यासाठी' हे कार्टून बंद करा, अशा अर्जावर सगळ्या पालकांनी सह्या करायच्या आहेत. ढोबळी मिरची न खाणं हा संस्कृतीवरचा घाला असेल तर आमच्या तीर्थरूपांनाही आत टाकावं लागेल.

ही ओरड जुनीच आहे. २००६ मध्ये 'हंगामा' या मुलांच्या वाहिनीवर शिनचॅन हिंदीत सुरू झाला. २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो बंद करायला लावला, आणि पुढच्या वर्षी कात्री लावून परत आला. माझ्या वयाच्या लोकांनी कात्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही शिनचॅन पाहिलेत. शाळेतून यायचं, दप्तर भिरकावायचं, ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचं. त्यातले बरेच जण आज निमूटपणे हप्ते भरतात आणि साहेबाला 'येस सर' म्हणतात. रस्त्यात कंबर हलवत वेडंवाकडं नाचणारे लोक मी पाहिलेत, पण ते विसर्जनाच्या मिरवणुकीत. ते शिनचॅनच्या खात्यावर टाकू नका.

तक्रार करणाऱ्यांनी एक तरी भाग पूर्ण बघितलाय का, हा माझा खरा प्रश्न. त्या घरात काय चालतं ते बघा. बाप रोज लोकल पकडून टोकियोला कामाला जातो, घरी येऊन मोजे काढतो आणि सगळे नाक धरून पळतात. पस्तीस वर्षांचं गृहकर्ज आहे. आई महिनाअखेरीला पैसे पुरवून पुरवून वापरते आणि सेल लागला की धक्काबुक्की करत आत घुसते. कार्टं उद्योग करून ठेवतं आणि शेवटी डोक्यावर टेंगूळ घेऊन बसतं. शिनचॅनच्या कासुकाबे गावाच्या जागी डोंबिवली टाका, काहीही बदलावं लागणार नाही. यात विष कुठे आहे ते कोणीतरी दाखवा.

चोकोबी

+१००. मी त्या कार्टूनमुळे बिघडले नाही. मी आधीपासूनच तशी होते, हे आई छातीठोकपणे सांगेल.

खडूस_काका

तुम्ही तरुण मंडळी सगळंच थट्टेवारी नेता. आमच्या लहानपणी मोठ्यांसमोर पाय पसरून बसायची टाप नव्हती. हा पाच वर्षांचा पोरगा कॉलेजातल्या मुलींना 'तुला काय आवडतं' विचारत फिरतो आणि घरातले हसतात? चित्र काढलेलं आहे म्हणून सगळं माफ? माझा नातू परवा मला म्हणाला, "आजोबा, तुमचे पाय वास मारतात." हे कुठून शिकला ते सांगायला नको.

तिखटमीठ

काका, हलकं घ्या, पण नातवाने खोटं सांगितलं का ते तुम्ही लिहिलं नाहीत.

बाकी बाळकृष्णाने मडकी फोडली तर गवळणी गायच्या आणि शिनचॅनने फोडली तर अर्ज करायचा, हा दुजाभाव का?

चोकोबी

कृष्ण आला. आता धागा शंभरी गाठतो. मी पॉपकॉर्न घेऊन बसते.

शाळेतल्या_बाई

मी शिशुवर्गाला शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ढकलपत्र मूर्खपणाचं आहे यावर दुमत नाही. पण "आम्ही बघितलं, आम्हाला काय झालं" हा युक्तिवाद मला पटत नाही. तुम्ही आठव्या-नवव्या वर्षी बघत होता. माझ्या वर्गातली मुलं साडेतीन-चार वर्षांची आहेत आणि हल्ली ती जेवताना मोबाइलवर एकामागून एक तुकडे बघतात. त्या तुकड्यात नाच असतो. शेवटचं टेंगूळ नसतं.

स्नेहसंमेलनाच्या तालमीत एका छोट्याने चड्डी खाली करून पाठ फिरवली आणि तो आवाज काढला. सगळा वर्ग लोळला. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी तेच केलं. मी रागावले नाही, कारण त्या वयात ढुंगण या विषयाइतकं विनोदी जगात काही नसतं. पण एका मुलीची चड्डी दुसऱ्याने ओढली तेव्हा ती रडली, आणि वर्ग तेव्हाही हसत होता. कारण कार्टूनमध्ये अशा वेळी हसायचंच असतं. पालकांना बोलावलं तर म्हणाले, "अहो बाई, शिनचॅन बघतो ना तो!" म्हणजे विषय संपला. बंदीवाल्यांइतकाच मला या पालकांचाही राग येतो.

कासुकाबेकर

बाई, तुमचा मुद्दा मान्य, पण तो मोबाइल हातात देणाऱ्यांबद्दल आहे. मुलीची चड्डी ओढणारी मुलं शिनचॅनच्या आधी नव्हती का? आमच्या शाळेत होती, आणि तेव्हा घरी केबलही आली नव्हती.

ओसाकाकर

इथे कामानिमित्त राहतो म्हणून थोडी भर घालतो. हे खूळ भारतातलं नाही, जपानमधलंच आहे. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये हे चित्रकथेच्या रूपात सुरू केलं ते 'वीकली मांगा ॲक्शन' या प्रौढ पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात. म्हणजे मूळ विनोद ऑफिसातून दमून घरी चाललेल्या माणसासाठी लिहिलेले. १९९२ मध्ये टीव्ही असाहीवर मालिका आली आणि मुलं तुटून पडली. पोरं आईला शिनचॅनसारखी नावाने हाक मारायला लागली म्हणून इथल्या आयांनी डोक्याला हात लावला. राष्ट्रीय पालक-शिक्षक संघटना मुलांना कोणते कार्यक्रम दाखवावेसे वाटत नाहीत याची पाहणी करायची. त्यात शिनचॅन वर्षानुवर्षं वरच्या जागा अडवून होता.

बंदी मात्र आली नाही. मालिका हळूहळू मवाळ झाली. पूर्वीचा नागडा हत्तीचा नाच टीव्हीवर दिसेनासा झाला, आईच्या हातचे टोलेही कमी झाले. आणि कासुकाबे शहराने शिनचॅनच्या नोहारा कुटुंबाला चक्क आपले नागरिक म्हणून मान दिला. उसुई २००९ मध्ये डोंगरावरून पडून गेले, तेव्हा त्याच तक्रारखोर पिढीतले लोक हळहळले.

खडूस_काका

म्हणजे मूळ प्रौढांसाठी होतं हे तुम्हीच कबूल करताय. मग माझं काय चुकलं?

न्यूजर्सीची_वहिनी

काका, त्या एका मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. अमेरिकेत २००६ मध्ये हीच मालिका मोठ्यांसाठीच्या 'ॲडल्ट स्विम'वर रात्री उशिरा लागायची. संवाद नव्याने लिहून ती आणखी चावट केली होती. त्याच वर्षी भारतात मुलांच्या चॅनेलवर, भर दुपारी. पोरगा तोच, पण एका देशात झोपायच्या वेळेनंतर आणि दुसऱ्यात गृहपाठाच्या आधी. घोळ झाला असेल तर तो वेळ ठरवणाऱ्यांचा. यावर 'बंद करा' हा उपाय म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं म्हणून गॅसचं कनेक्शन परत करण्यासारखं आहे.

पण तक्रारींच्या नादी लागलं की कुठे जातो तेही बघा. ब्रिटनमध्ये २००६ मध्येच एका प्रेक्षकाने टॉम अँड जेरीच्या दोन जुन्या भागांत धूम्रपान दिसतं अशी तक्रार केली. एका माणसाने! त्यावरून वाहिनीने दीड हजारांवर जुनी कार्टून्स तपासायला काढली. मांजर उंदराच्या डोक्यात हातोडा घालतं ते चालतं, विडी ओढली तर नाही.

तिखटमीठ

वहिनी, लहानपणी तो हातोडा बघून मी भावाच्या डोक्यात लाटणं घातलं होतं. भाऊ आज सीए आहे. दोन्हींचा संबंध असावा असा मला दाट संशय आहे.

ताईगिरी

इतके प्रतिसाद झाले आणि सगळे त्या चिमुकल्या ढुंगणाभोवतीच फिरतायत. कमाल आहे.

मी शिनचॅनची पंखी आहे. तरीही त्यातलं जे मला खटकतं ते ना त्या ढकलपत्रात आहे, ना इथे कोणी लिहिलंय. मित्सीचं, म्हणजे शिनचॅनच्या आईचं, वजन. बाप आणि पोरगा मिळून उठसूट तिला जाडी म्हणतात. ती वजनकाट्यावर उभी राहिली की विनोद, केक खाल्ला की विनोद, नवा ड्रेस घातला की विनोद. आणि ही बाई दिवसभर करते काय? पोराला उठवते, बालवाडीची बस चुकली की त्याला सायकलवर मागे घालून चढावर दामटते, येऊन कपडे, भांडी, धाकट्या हिमावारीचं दूध, कुत्र्याला फिरवणं. सोफ्यावर दहा मिनिटं आडवी झाली की आळशी. लहानपणी मी यावर खो खो हसायचे. आता माझी मुलगी हसते आणि माझ्या पोटाकडे बघते.

यावर तक्रार का झाली नाही? कारण बायकोच्या जाडीवर हसणं आपल्याला अश्लील वाटतच नाही. रात्री जेवताना अख्खं घर जे मराठी विनोदी कार्यक्रम बघतं त्यात निम्मे विनोद बायकोच्या जाडीवर, नाहीतर साडी नेसलेल्या पुरुषावर असतात. आजीपासून नातवापर्यंत सगळे हसतात. तिथे कोणाचे संस्कार धोक्यात येत नाहीत. पाच वर्षांच्या पोराची चड्डी सरकली की मात्र राष्ट्र हादरतं.

चोकोबी

हे जबरी आहे. माझे पॉपकॉर्न तसेच राहिले.

कासुकाबेकर

ताई, थोडा विरोध करतो. मालिका मित्सीच्या बाजूची आहे असं मला वाटतं. तिला हसणाऱ्यांना दर भागात फटका बसतो, आणि ती नसली की घर कसं कोसळतं हेही वारंवार दाखवलंय. बाप दोन दिवस घर सांभाळतो तेव्हा काय होतं ते आठवा. विनोद तिच्यावर आहे तसाच त्या दोघांच्या निर्लज्जपणावरही आहे.

ताईगिरी

तुला हे पंचविशीत कळतंय. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी फक्त 'जाडी' ऐकू येतं. अर्जावर मी सही केली नाही, करणारही नाही. तो भाग लागला की शेजारी बसून विचारते, "आज सगळ्यात जास्त काम कोणी केलं?" ती बोटं मोजते आणि मित्सी म्हणते. कधी कधी कुत्रा म्हणते.

ओसाकाकर

मालिका कोणाच्या बाजूची, यावरून आठवलं. शिनचॅनचा २००१ चा चित्रपट मिळाला तर बघा. काही लोक जुन्या काळाचा वास पसरवून सगळ्या मोठ्या माणसांना पुन्हा लहान करतात, आणि आईबाप मुलांना सोडून चालते होतात. बाप १९७० च्या ओसाका एक्स्पोच्या आठवणीत अडकून लहान मूल होऊन बसलाय. शिनचॅन त्याच्याच पायातला बूट काढून नाकाशी धरतो. त्या वासासरशी त्याचं आयुष्य डोळ्यांसमोरून सरकतं. वडिलांच्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून मासेमारीला जाणं, फसलेलं प्रेम, टोकियोची गाडी, साहेबाची बोलणी, लग्न, पोराचा जन्म, भर उन्हात घाम पुसत दारोदार फिरणं, रात्रीचं घर. एकही संवाद नाही. थिएटरात मुलं गप्प आणि बाप रडतायत, असं इथले सहकारी अजून सांगतात. पुढच्याच वर्षीच्या चित्रपटाला जपानच्या सांस्कृतिक खात्याच्या महोत्सवात ॲनिमेशनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ढकलपत्रवाल्यांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नाही.

खडूस_काका

पुरस्काराने काही सिद्ध होत नाही. पुरस्कार कोणालाही मिळतात. तो बुटाचा चित्रपट हिंदीत आहे का?

शाळेतल्या_बाई

धागाकर्त्याला एक विचारायचं राहिलं. भाचीच्या गटात तुमच्या ताईने काय उत्तर दिलं? कारण असे अर्ज शेवटी आमच्या टेबलावर येतात आणि मुख्याध्यापिका विचारतात, "बाई, याचं काय करायचं?" चॅनेलवर काय लागावं हे शाळेच्या हातात नाही. मागच्या वेळी मी पालकसभेत एवढंच सांगितलं की डब्याच्या वेळी मोबाइल नको. त्यावर सही करायला चारच हात वर आले.

कासुकाबेकर

ताईने अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि गट मूक करून ठेवला. सही केली नाही. भाची आत्ता शेजारी बसून तोच भाग तिसऱ्यांदा बघतेय आणि ढोबळी मिरचीची भाजी ताटाच्या कडेला सारतेय.

खडूस_काका

बघा! मी म्हणत होतो ना?