टिकाऊ निळी शाई हवी, पण राखाडी नको

दौतवाला:
गेली बारा वर्षे मी रोजनिशी फाउंटन पेनानेच लिहीत आहे. गेल्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या खिडकीतून सर आत आली आणि जुलैची आठ-दहा पाने भिजली; रॉयल ब्लू शाईतला मजकूर फिकट डागांत विरून गेला असून आता पान उजेडात तिरपे धरले, तरच निबेच्या खुणांवरून काही शब्द लागतात. ‘ब्लू-ब्लॅक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शायांपैकी पाण्यात खरोखर टिकणारी कोणती, आणि तिने पेनाला अपाय होतो का? रंग अगदीच राखेसारखा नसावा, एवढी हौस मात्र आहे.

बोरूबहाद्दर:
रॉयल ब्लूला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ती बहुधा धुऊन निघावी अशीच बनवलेली असते. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव मुळात मायफळ आणि हिराकस यांच्या शाईला शोभणारे आहे. मायफळातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह यांचे संयुग दौतीत असताना फिकट असते. कागदावर हवा लागली की लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ कागदाच्या तंतूंत बसतो, आणि तोवर अक्षर दिसावे म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असतो. त्यामुळे लिहिताना निळी दिसणारी ओळ दुसऱ्या दिवशी काळवंडते. आज मात्र या नावाच्या अनेक शायांत लोहाचा मागमूस नसतो, तेव्हा नावावर विसंबू नये. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक, रोहरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स आणि डायमाइनची रजिस्ट्रार्स या लोहयुक्त आहेत. त्या आम्लधर्मी असल्याने पेन अधूनमधून साध्या पाण्याने धुवावे आणि भरलेले पेन महिनोन्‌महिने पडू देऊ नये.

टीपकागद:
सेलरची सेइबोकु हाही पर्याय आहे. तिच्यात विरघळलेला रंग नसून अतिसूक्ष्म रंगकण असतात, त्यामुळे निळसर छटा टिकते आणि अक्षर पाण्याने जात नाही. पण अशी शाई फीडमध्ये (निबेला शाई पोचवणाऱ्या भागात) वाळली, तर सहजासहजी निघत नाही. दिवाळीच्या सुटीत भरलेले पेन तसेच विसरून मी एक चांगले पेन गमावले आहे. चूक सर्वस्वी माझीच. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई तर पेनात चुकूनही भरू नये.

कोकणी निब:
कोणतीही शाई आपल्याच वहीच्या कागदावर तपासावी, कारण एका कागदावर रेखीव उमटणारी शाई दुसऱ्यावर फुटते आणि मागच्या पानावरही उतरते. एक पट्टी दिवसभर वाळवून नळाखाली धरावी. दुसरी अर्धी झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवावी. माझ्याकडे गुलाबी आणि जांभळ्या शाया सर्वांआधी उडाल्या. तोमोए रिव्हरच्या गुळगुळीत कागदावर तांबूस झळाळणाऱ्या शाया मोहक खऱ्या, परंतु आमच्याकडच्या श्रावणात चार दिवसांनीही त्या बोटाला लागतात.

दौतवाला:
सर्वांचे आभार. सॅलिक्सचा नमुना मागवून काल रात्री वहीच्या शेवटच्या पानावर ‘श्री’ लिहिला आणि आज नळाखाली धरला. निळा ओघळ वाहून गेला. ‘श्री’ राखाडी झाला, पण वेलांटीसकट वाचता येतो. हौस बाजूला ठेवून बाटली मागवली आहे.