धाकट्या भावावर केस होईल का?

यवतमाळ जिल्हा. धाकट्याने परवा जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. कापूस पावसात काळा पडला, वर बँकेची नोटीस. आज हवालदार वॉर्डात जबाब घेऊन गेले. आई सारखी विचारते, "त्याला जेलात नेतील का गं?"

उत्तर: नाही ताई, हे आधी आईला सांगा. जीव द्यायचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलंच नाही, १ जुलै २०२४ पासून. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे, तुमचं तसं नाही. जबाब घेतातच, घाबरू नका. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी केली आहे.

उत्तर: मुंबई हायकोर्टाने १९८६ मध्येच मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात ३०९ रद्द ठरवलं होतं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा वैध धरलं. फार वर्षं गेली हो यात.

उत्तर: त्याला एकटं सोडू नका. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हीही बोला.

ताई: आईला वाचून दाखवलं. तिने त्याच्या उशाखालची नोटीस काढून माझ्या पिशवीत टाकली.