लँडलाइनवाल्यांचा खिसा कापून मोबाइल फुकट केला? साफ चूक

तिठा

'लँडलाइन कुणी मारली' या धाग्यावर काल पंचगंगा यांनी लिहिलंय: "१ मे २००३ ला मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं आणि त्याचं बिल आमच्या घरच्या फोनवर आलं. सरकारने लँडलाइनवाल्यांचा खिसा कापून मोबाइल कंपन्या पोसल्या." त्यावर पटापट चाळीस जणांनी 'सहमत' लिहिलं. मला हे अजिबात मान्य नाही, आणि चार ओळींत उत्तर देता येणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

२००३ च्या आधी काय होतं ते आठवा. ३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं मोबाइलवर आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे पडत. सुरुवातीला मिनिटाला ८ रुपये ४० पैसे, गर्दीच्या वेळेला त्याहून जास्त. लँडलाइनवरून मोबाइल लावणाऱ्याला मात्र साधा लोकल कॉल. म्हणजे बोलायची गरज एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला. कंपन्यांमधला हिशोबही तसाच एकतर्फी होता. मोबाइलवरून लँडलाइनला कॉल गेला की मोबाइल कंपनीने दूरसंचार खात्याला पैसे द्यायचे, उलट दिशेने आलेल्या कॉलचे तिला काही नाही.

दूरसंचार नियामक ट्रायने १९९९ मध्येच 'जो फोन करेल तो पैसे देईल' हे आणून पाहिलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २००० साली तो आदेश रद्द झाला. मग २००३ चे आययूसी, म्हणजे कंपन्यांनी एकमेकांचं जाळं वापरल्याच्या आकाराचे, नियम आले. ज्या जाळ्यात कॉल संपतो त्या जाळ्याला त्याचा मोबदला, हे त्यामागचं सूत्र. १ फेब्रुवारी २००४ पासून हा मोबदला सरसकट मिनिटाला ३० पैसे झाला. तो लँडलाइनलासुद्धा मिळत होता, हे कुणीच सांगत नाही! त्याशिवाय एडीसी, म्हणजे तोट्याची भरपाई, होतीच. ग्रामीण लँडलाइनचा तोटा भरून काढण्यासाठी वर्षाला पाच हजार कोटींच्या आसपास रक्कम, मुख्यतः बीएसएनएलसाठी, आणि त्यात मोबाइलवाल्यांच्या एसटीडी-आयएसडी कॉलचा मोठा वाटा. मग कोणी कोणाला पोसलं?

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. दोन जाळी जोडायची जागा, म्हणजे पीओआय, ज्याच्या ताब्यात असते तो नव्या माणसाला ताटकळत ठेवतो. तिथे जोडणीची जी लाइन लागते ती ई-वन, आणि एका ई-वनवर एका वेळी ३० संभाषणं जातात. तेवढे ई-वन दिले नाहीत की फोन करणाऱ्याच्या कानात 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत'. दोन्हीकडे पैसे भरून बसलेल्या माणसाला कॉल लागलाच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. कंपन्यांनी एकमेकांवर करायचा उपकार नव्हे. पंचगंगा, ओरडायचं तर यावर ओरडा.

पंचगंगा

माझं नाव घेऊन धागा काढलात, बरं केलंत. तुमचे नियम आणि पैसे सगळे कागदावरचे आहेत. आमच्या घरात काय झालं ते मी सांगतो. वडील निवृत्त शिक्षक, मी पुण्यात, माझ्याकडे ९८२२० चा मोबाइल. २००३ च्या आधी ते मला फोन लावायचे तेव्हा त्यांना लोकल-एसटीडीचे ठरलेले पैसे पडत. लोकलला तर तीन मिनिटांचा एक कॉल, निवांत बोलायचं. नंतर मोबाइल लावला की मीटर पळायला लागला. वडिलांनी फोन करणंच सोडलं, ते फक्त मिस्ड कॉल द्यायला लागले. पेन्शनवर जगणारा माणूस मिस्ड कॉल देतो आणि महिना चाळीस हजार मिळवणाऱ्या पोराचं इनकमिंग फुकट. याला खिसा कापणं नाही तर काय म्हणायचं?

आणि ते ३० पैसे वडिलांच्या हातात कुठे आले? ते कंपनीला मिळाले.

जुनीतार

मी एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे 'ताटकळत ठेवलं' हे वाचून लागलं. तिठा, तुम्ही कधी एक्स्चेंजची खोली आतून पाहिलीय का? कोकणातल्या तालुक्याच्या गावाला सी-डॉट या सरकारी संस्थेचं यंत्र. खेड्यांत तर रॅक्स, म्हणजे १२८ पोर्टांचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज, बॅटरीवर तग धरून असलेलं. देशात २६०० हून जास्त एसडीसीए, म्हणजे लोकल कॉलचे विभाग. मोबाइल कंपनीला कॉल जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा हातात द्यायचा असतो, तिथून घाटातून, खाडीवरून, खेड्यातल्या एका घरापर्यंत तो आम्ही न्यायचा. कॅरेजचे, म्हणजे कॉल वाहून नेण्याचे, पैसे मिळत, नाही म्हणत नाही. पण नव्या ई-वनसाठी कार्ड लागतं, ट्रान्समिशन लागतं, सिग्नलिंग जुळावं लागतं. जुन्या यंत्रांत सीसीएस-सेव्हन हे नवं सिग्नलिंग नव्हतंच, जुन्या आर-टू वर चाललेलं. एका सहीने होणारं काम नव्हतं हे!

एडीसीवर मात्र तिठा बरोबर आहेत. गावातल्या लाइनचं भाडं खर्चाच्या मानाने काहीच नसायचं. ती भर १ एप्रिल २००८ पासून देशांतर्गत कॉलवरून काढून घेतली आणि त्यानंतर गावातला तांब्याचा फोन कोणालाच परवडेना.

मुळामुठा

जुनीतार, कार्ड नव्हतं, ट्रान्समिशन नव्हतं, १९९९ साठी एक वेळ मानू. २०१६ ला काय झालं होतं? ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि एअरटेल, व्होडाफोन, आयडियाकडे जाणारे कॉल धडाधड पडू लागले. नियम असा की पीओआयवर गर्दीच्या वेळी हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडायला नकोत. ट्रायने २१ ऑक्टोबरला तिघांवर मिळून ३०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. तेव्हा खेड्यातलं रॅक्स आडवं आलं नव्हतं, सगळं शहरात आणि सगळं डिजिटल. खात्याने केलं तेच खासगीवाल्यांनी केलं. मालक बदलला तरी वागणूक तीच, म्हणून तिठांचा मुद्दा मला सोळा आणे पटतो.

त्या काळात माझ्या बहिणीचं बाळंतपण होतं. माझ्या नव्या सिमवरून मेव्हण्यांचा फोन लागेना. शेवटी खाली जाऊन वाण्याच्या फोनवरून लावला. कोणाची चूक ते मला आजही माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. मी रिचार्जचे पैसे भरले होते.

नगरी

मुळामुठा, दुसरी बाजूही सांगा. कॉल फुकट वाटल्यावर सगळा पूर एकाच दिशेने वाहणार. ज्याच्याकडे कॉल येतायत त्याने जास्तीचे पोर्ट स्वतःच्या खर्चाने रातोरात उभे करायचे? तेव्हा मोबाइल ते मोबाइल मिनिटाला १४ पैसे मिळत होते, ते ऑक्टोबर २०१७ पासून ६ झाले. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओनेच ते ६ पैसे आपल्या ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली. जोडणीला खर्च येतो हे सगळ्यांना कळतं, फक्त स्वतःची पाळी आल्यावर.

पोफळी

तुमचं पैशाचं चालू द्या. मला त्या शून्याबद्दल बोलायचंय. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य दाबायचा. माझी आई ऐंशीच्या पुढची. तिला आम्हा सगळ्या भावंडांचे नंबर पाठ होते, डोळे गेले तरी बोटांना ठाऊक होते. एका सकाळी एकही लागेना. रेकॉर्ड केलेली बाई काहीतरी सांगायची, आई ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवून द्यायची. दोन दिवस तिला वाटत राहिलं की आम्ही रागावलोय. तुम्ही जाळी जोडायच्या गप्पा मारताय, पण जोडलेलं तुटलं ते इथे.

जुनीतार

पोफळीताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तो निर्णय उगाच झालेला नाही. लँडलाइनचे नंबर २ ते ६ ने सुरू होतात, मोबाइलचे ६ ते ९ ने. शून्य आधी लावला की एक्स्चेंजला कळतं पुढचा मोबाइल आहे, मग २, ३, ४ च्या रांगेतले रिकामे आकडेही मोबाइलला देता येतात. सरकारचा हिशोब २५४ कोटी नवीन नंबरांचा होता.

मुळामुठा

माझ्या फोनबुकात आजही सगळे ६ ते ९ वालेच आहेत. ते २५४ कोटी लागतील तेव्हा लागतील, त्रास मात्र पोफळींच्या आईला त्या दिवसापासून झाला. आणि मोबाइलवाल्यांना काहीच बदलावं लागलं नाही.

नगरी

अकरा आकडी नंबर करणार होते, त्यापेक्षा हे बरं.

तिठा

नगरी, ती अफवा होती. मे २०२० मध्ये ट्रायनेच खुलासा केला की अकरा आकड्यांची शिफारस केलेलीच नाही, दहाच राहणार. विषय सोडून चाललोय.

पोफळी

विषय सोडून कसा? तुमच्याच भाषेत, फोन करणाऱ्याचा हक्क. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज, आहे. बाहेरची लाइन घ्यायला एक शून्य, मग मोबाइलसाठी दुसरा शून्य. वॉचमन बदलला की नव्याने शिकवा. दुकानांच्या पाट्यांवर शून्याशिवाय नंबर. सवलत नेहमी मोबाइलला आणि पायरी चढायची लँडलाइनवाल्याने.

पंचगंगा

अगदी! २००३ ला पैशाची पायरी, २०२१ ला शून्याची. मी काल लिहिलं तेच पोफळींनी सिद्ध केलं.

तिठा

काही सिद्ध झालेलं नाही. शून्याला पैसे पडत नाहीत. आणि तुमच्या वडिलांचं म्हणाल तर २००३ च्या आधी त्यांच्या कॉलचे पैसे तुम्ही भरत होतात. पोराने भरलेले चालत होते, पोराची कंपनी मागायला लागली की लूट?

पंचगंगा

वडिलांवर येऊ नका. ते आता नाहीत.

तिठा

त्यांच्याबद्दल वाकडं बोललो नाही, बोलणारही नाही. दराबद्दल बोलतोय.

जुनीतार

दोघंही जरा थांबा. एक गोष्ट इथे कोणी काढली नाही. १ मार्च २०१५ पासून लँडलाइन ते मोबाइल आणि मोबाइल ते लँडलाइन, दोन्हीकडचं टर्मिनेशन, म्हणजे कॉल जिथे संपतो त्या जाळ्याचा मोबदला, शून्य केलं गेलं. म्हणजे पंचगंगांचं गाऱ्हाणं ट्रायने ऐकलं, फक्त बारा वर्षांनी. २००६ च्या सुमारास देशात पाच कोटी लँडलाइन होत्या. २०१५ पर्यंत त्यातल्या किती गेल्या ते एक्स्चेंजच्या एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइन जिथे जोडतात त्या चौकटीपाशी, उभं राहून मी पाहिलंय. जंपरच्या तारा काढायचंच काम उरलं होतं.

पंचगंगा

३० पैसे दोन्ही बाजूंना होते हे मला माहीत नव्हतं, तेवढं तिठांचं घेतो. पण २०१५ चा शून्य दर २००४ मध्येच द्यायला हवा होता, निदान लँडलाइनवरून जाणाऱ्या कॉलला. हे तुम्ही मान्य करणार का?

तिठा

२००४ मध्ये शून्य ठेवला असता तर मोबाइलचे टॉवर गावापर्यंत गेले नसते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली, ती या पैशांवर. पेन्शनरांसाठी लँडलाइनच्या मासिक भाड्यात सवलत द्यायला हवी होती, इथपर्यंत मी येतो. त्यापुढे नाही.

मुळामुठा

आणि तो ३०५० कोटींचा दंड? शिफारस २०१६ ची, मागणीच्या नोटिसा गेल्या २०२१ मध्ये. ज्याचा कॉल लागला नाही त्याला त्यातलं काय मिळणार?

पोफळी

ईपीएबीएक्सवर बाहेरच्या लाइनचा आकडा शून्याऐवजी ९ करून घेता येतो का? आमचा मेकॅनिक नाही म्हणतो. जुनीतार, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.